सुभाषबाबूंचे केंब्रिजमधील आठ महिने

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव उच्चारताच आझाद हिंद सेना आणि १९४३ सालचे सिंगापूर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्ञातीतील ज्या घरांत आज केंद्रीय अथवा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची उजळणी चालू आहे, त्या घरांकरिता यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या चरित्रातील एक निराळेच प्रकरण सादर करीत आहोत. ते आहे १९२० सालच्या आय. सी. एस. परीक्षेचे.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे झाला. वडील जानकीनाथ हे तेथील नामवंत वकील, तर मातोश्रींचे नाव प्रभावतीदेवी. १९१३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते कलकत्ता विद्यापीठात दुसरे आले. एवढ्यावरून एकाग्रता ही त्यांस जन्मतःच लाभलेली देणगी होती असा कोणी ग्रह करून घेईल, तर तो यथार्थ ठरणार नाही. स्वामी विवेकानंदांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण कॉलेजात गेल्यावर समाजसेवा, ध्यानधारणा व गुरूचा शोध यांत इतका गुंतला, की १९१४ साली घरी न सांगताच तो तीर्थक्षेत्रे हिंडून आला आणि परतल्यावर विषमज्वराने अंथरुणास खिळला. १९१५ च्या इंटरमीजिएट परीक्षेत पहिला वर्ग मिळाला खरा, पण क्रमांक बराच खाली घसरला. त्या वेळी त्यांना क्षणभर वाईट वाटले आणि पदवी परीक्षेत ही उणीव भरून काढण्याचा त्यांनी निश्चय केला. १९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातील ओटन प्रकरणापायी त्यांना कॉलेज सोडावे लागले व शिक्षणात खंड पडला. तथापि १९१७ मध्ये पुन्हा प्रवेश मिळताच ते अभ्यासास लागले आणि १९१९ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन पहिल्या वर्गात, दुसऱ्या क्रमांकाने बी. ए. झाले. विखुरलेले मन पुन्हा गोळा करता येते, याचा हा पहिला दाखला होय.

त्याच वर्षी वडिलांनी त्यांस विलायतेस जाऊन आय. सी. एस. ला बसण्याविषयी विचारले आणि उत्तरासाठी चोवीस तासांची मुदत दिली. परकीय सरकारची चाकरी ही कल्पनाच सुभाषबाबूंस रुचणारी नव्हती. परंतु हाती जेमतेम आठ महिने असल्याने आपण उत्तीर्ण होण्याचा संभव नाही आणि केंब्रिजची पदवी तर मिळेल, अशी मनाची समजूत घालून त्यांनी होकार दिला. १५ सप्टेंबर १९१९ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. वाटेत सुएझ येथे कोळसा कामगारांच्या संपामुळे बोट अडकून पडली. केंब्रिज येथे पोहोचावयास ऑक्टोबरची अखेर झाली. तेथील सत्र केव्हाच सुरू झालेले होते. फिट्झविल्यम हॉलचे प्रमुख रेडवे यांनी सहानुभूतीने प्रवेश दिला, म्हणून नोव्हेंबरच्या आरंभी त्यांस व्याख्यानांस बसता आले. वयोमर्यादेमुळे परीक्षेस बसण्याची संधी ही एकच होती.

विषय किती, तर नऊ! इंग्रजी निबंध, संस्कृत, तत्त्वज्ञान, इंग्लंडचा कायदा, राज्यशास्त्र, आधुनिक युरोपचा इतिहास, इंग्लंडचा इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल. भूगोलासाठी मोजणी व नकाशे काढणे, इतिहासासाठी थोडी फ्रेंच भाषा, हे त्याखेरीज. एवढी घाई असताही युरोपच्या इतिहासासाठी त्यांनी केवळ टिपणांवर भिस्त ठेवली नाही. बिस्मार्कचे आत्मचरित्र, मेटर्निकच्या आठवणी व कावूरची पत्रे हे मूळ साहित्य वाचून काढले. उलटपक्षी, मानसशास्त्र व नीतिशास्त्र हा जो पदवीचा अभ्यासक्रम त्यांस मनापासून प्रिय होता, त्याला मात्र व्याख्यानांस हजर राहण्यापलीकडे फारसा वेळ दिला नाही. चित्त एका ठिकाणी लावणे म्हणजे आवडते असे दुसरे काही तूर्त बाजूस ठेवणे, हे आपल्या मुलांनी येथे विशेषेकरून ध्यानात घ्यावे. या त्यागाची किंमतही त्यांनी मोजली. पुढे १९२१ मध्ये त्या पदवी परीक्षेत त्यांना तिसराच वर्ग मिळाला.

जुलै १९२० मध्ये लंडनला सुरू झालेली परीक्षा जवळजवळ महिनाभर चालली. संस्कृतच्या पेपरात, इंग्रजी उताऱ्याचे भाषांतर त्यांनी आधी कच्चे लिहून काढले व मग ते उत्तरपत्रिकेत उतरवू लागले. वेळेचे भान राहिले नाही. घंटा झाली तेव्हा निम्मेशिम्मे काम कागदावरच राहिले होते. सुमारे दीडशे गुण गेले, असा त्यांचा अंदाज होता. निवड होण्याची आशा नाही, असे त्यांनी घरी कळवूनही टाकले. सप्टेंबरमध्ये एका मित्राची अभिनंदनाची तार आली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पाहतात तो आपला क्रमांक चौथा! एका पेपराचे नुकसान इतर विषयांनी भरून काढले. आमच्या मते, सर्व विषयांची उजळणी सारख्याच काळजीने झाली होती, म्हणूनच हे घडू शकले. पालकांनाही आमची विनंती आहे, की एक पेपर बिघडल्याचे मुलाने सांगितले, तर त्यावरून त्याच्या साऱ्या कष्टांचा निकाल लावू नये.

पुढील सात महिने सुभाषबाबूंच्या मनात प्रचंड संघर्ष चालला. वडीलबंधू शरदबाबूंशी त्यांनी पत्रांतून मोकळेपणाने विचारविनिमय केला आणि २२ एप्रिल १९२१ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे राजीनामा पाठविला. १६ जुलै १९२१ रोजी ते मुंबईच्या बंदरात उतरले व त्याच दिवशी मणिभवन येथे गांधीजींना भेटले. तरीही तो अभ्यास वाया गेला असे म्हणता येणार नाही. देशबंधू दास महापौर असताना १९२४ मध्ये कलकत्ता महापालिकेचा कारभार मुख्य अधिकारी या नात्याने त्यांनी हाती घेतला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. त्याच वर्षी अटक होऊन पुढे त्यांची रवानगी मंडाले येथे झाली. ज्या मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, तेच ते मंडाले.

चंचल मन आवरण्यास गीतेने अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली आहेत. नको असलेल्या परीक्षेचाही मनःपूर्वक अभ्यास करणारे आणि हाती आलेले पद निश्चयाने दूर सारणारे सुभाषबाबू यांच्या ठायी ती दोन्ही एकत्र नांदली. आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली यंदा परीक्षेस बसत आहेत, त्यांनी होकार एकदाच, विचारपूर्वक द्यावा. आणि तो दिल्यावर परीक्षा संपेपर्यंत तोच प्रश्न मनाला पुन्हा विचारू नये. त्यांना सुयश लाभो, हीच आमची सदिच्छा.