ठाण्याच्या हुतात्म्यांच्या अस्थी चीनला नेणारा यात्रिक : बंधू ओडोरिक

उत्तर इटलीतील उडिने शहरात, कार्मिने मातेच्या चर्चमध्ये, चौदाव्या शतकातील एका फ्रान्सिस्कन भिक्षूची शवपेटी आजही श्रद्धेने जपलेली आहे. या भिक्षूचे नाव पोर्डेनोनेचे ओडोरिक. मार्को पोलोच्या पाठोपाठ अवघ्या काही दशकांत त्यांनी पश्चिम आशिया, भारत, सुमात्रा, जावा आणि चीन असा प्रचंड प्रवास केला. मराठी वाचकाला मात्र त्यांची ओळख एका वेगळ्याच कारणाने जवळची वाटेल. त्यांच्या जीवनातील सर्वांत भावपूर्ण प्रसंग ठाणे आणि सोपारा या कोकणच्या किनाऱ्यावरील दोन जुन्या बंदरांशी निगडित आहे.

ओडोरिक यांचा जन्म तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रिउली प्रांतातील पोर्डेनोनेजवळच्या व्हिलानोव्हा या गावी झाला. तरुण वयातच त्यांनी उडिने येथील मठात फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली. अनवाणी चालणे, अंगावर जाडाभरडा झगा आणि पाव-पाण्यावर निर्वाह, असे त्यांचे विरक्त जीवन होते, असे परंपरा सांगते. त्या काळी मंगोल साम्राज्यामुळे युरोपपासून चीनपर्यंतचे मार्ग खुले झाले होते. जॉन ऑफ मॉन्टेकोर्व्हिनो हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू १२९४ च्या सुमारास खानबालिक म्हणजे आजच्या बीजिंगला पोहोचले होते आणि १३०७ मध्ये पोपनी त्यांना तेथील आर्चबिशप नेमले होते. पूर्वेकडे माणसांची निकड होती. ओडोरिक १३१८ च्या सुमारास निघाले. कॉन्स्टॅन्टिनोपल, ट्रेबिझोंड, तब्रिझ, सुलतानिया, यझ्द, बगदाद असे टप्पे घेत ते इराणच्या आखातावरील होर्मुझला आले. तेथून दोरखंडांनी शिवलेल्या, लोखंडाचा एकही खिळा नसलेल्या गलबतात बसून अठ्ठावीस दिवसांनी ते ठाण्याच्या बंदराला लागले.

त्यापूर्वी थोड्याच काळाआधी ठाण्यात एक भयंकर घटना घडली होती. टोलेन्टिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन बंधू केरळमार्गे चीनला जाण्यास निघाले होते; परंतु जहाजाने त्यांना ठाण्यात आणून सोडले. तेथील एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्या घरातील पती-पत्नीचे भांडण काझीपुढे गेले आणि साक्षीसाठी या परदेशी पाहुण्यांनाही पाचारण झाले. घरगुती तंटा बाजूला पडून धर्मविषयक वाद सुरू झाला आणि त्याची अखेर एप्रिल १३२१ मध्ये चौघांच्या हत्येत झाली. पुढे दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच देहदंड दिला, असे ओडोरिक यांच्या वृत्तान्तात नमूद आहे. चौघांचे सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचे जॉर्डानस कातालानी, त्या वेळी ठाण्याबाहेर होते. त्यांनी परतून मृतदेह सोपारा येथे नेले आणि तेथे त्यांचे दफन केले.

ठाण्यात आल्यावर ओडोरिक यांना ही सारी हकीकत समजली. ज्या चीनला जाण्यासाठी हे बंधू घराबाहेर पडले होते, तेथे किमान त्यांच्या अस्थी तरी पोहोचाव्यात, असा निश्चय त्यांनी केला. कबर उघडून त्यांनी अस्थी बाहेर काढल्या, वस्त्रात गुंडाळल्या आणि त्या घेऊन ते पुढील प्रवासाला निघाले. या ओझ्याबाबत त्यांनी दोन चमत्कार सांगितले आहेत. एका मुक्कामी रात्री घराला आग लागली, पण अस्थी उशाशी घेऊन झोपलेल्या ओडोरिक यांना झळ पोहोचली नाही. पुढे भर समुद्रात वारा पडला, तेव्हा अस्थींचा एक तुकडा पाण्यात सोडताच शिडे फुगली. या कथांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मात्र मृत सहकाऱ्यांचे अपुरे राहिलेले काम हा माणूस किती मनापासून स्वतःचे मानत होता, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

श्रद्धाळू असले तरी ओडोरिक यांची नजर चौकस होती. ठाण्यातील उंदीर कुत्र्याएवढे असून ते मांजरांना आवरत नाहीत, असे त्यांनी नोंदवले. कोकणातील घूस पाहिलेल्या कोणालाही या वर्णनात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही. मलबारात त्यांनी मिरीची लागवड पाहिली, मैलापूरला संत थॉमस यांच्या समाधिस्थानाला भेट दिली आणि सुमात्रा, जावा, चंपा या मार्गाने ते चीनच्या किनाऱ्यावर उतरले. झैतून म्हणजे आजचे चुआनचौ. तेथे फ्रान्सिस्कनांचे दोन मठ होते. ठाण्याच्या हुतात्म्यांच्या अस्थी तेथे ठेवण्यात आल्या आणि ओडोरिक यांची जबाबदारी पूर्ण झाली.

पुढे हांगचौ, नानजिंग, यांगचौ ही शहरे पाहत ते खानबालिकला गेले आणि तेथे सुमारे तीन वर्षे राहिले. पाणकावळ्यांकडून होणारी मासेमारी, चिनी स्त्रियांची बांधलेली पावले, श्रीमंतांची वाढवलेली नखे यांच्या नोंदी त्यांच्या वृत्तान्तात आढळतात. यांतील कित्येक गोष्टी मार्को पोलोच्या ग्रंथात नाहीत. एकदा खानाची स्वारी येत असता बिशप आणि इतर बंधूंसमवेत ओडोरिकही क्रूस उंचावून सामोरे गेले. खानाने शिरोभूषण उतरवून क्रूसाला मान दिला आणि बंधूंनी भेट म्हणून आणलेली सफरचंदे स्वीकारली. हा प्रसंग पुढे त्यांच्या संघातील दुसऱ्या एका बंधूने लिहून ठेवला.

परतीचा प्रवास खुष्कीच्या मार्गाने झाला. मे १३३० मध्ये पादुआच्या मठात ओडोरिक यांनी आपली हकीकत बंधू विल्यम यांना सांगितली आणि त्यांनी ती साध्या लॅटिनमध्ये उतरवली. पूर्वेसाठी आणखी धर्मप्रसारक मिळावेत म्हणून पोपची भेट घेण्यास ते आव्हिन्यों येथे जाणार होते. परंतु पिसा येथे प्रकृती ढासळली आणि त्यांना माघारी फिरावे लागले. १४ जानेवारी १३३१ रोजी उडिनेच्या मठात त्यांचे देहावसान झाले. मठातील बंधू त्यांचा अंत्यविधी साधेपणाने उरकणार होते; पण नगराच्या प्रमुखाने आणि नागरिकांनी तसे होऊ दिले नाही. समारंभपूर्वक अंत्यसंस्कार झाले, दर्शनाला गर्दी लोटली आणि त्यांच्या नावावर चमत्कार सांगितले जाऊ लागले. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७५५ मध्ये त्यांच्या उपासनेला मान्यता देऊन त्यांना 'धन्य' ही पदवी दिली. ठाण्याच्या हुतात्म्यांपैकी थॉमस यांच्या उपासनेलाही १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांची मान्यता मिळाली.

ओडोरिक यांच्या कार्याचे फलित काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिल्याचे नंतरच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्यांच्या स्वतःच्या वृत्तान्तात मात्र तसा दावा नाही. चीनमधील फ्रान्सिस्कन कार्यही फार काळ टिकले नाही. १३६८ मध्ये मंगोल सत्ता कोसळून मिंग राजवट आली आणि मठ ओस पडले. झैतूनचे बिशप आंद्रेय यांची समाधिशिला १९४६ मध्ये चुआनचौ येथे सापडली. त्या विस्मृत मंडळींच्या वास्तव्याची ती मूक साक्ष आहे. भारतात जॉर्डानस यांची १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप म्हणून नेमणूक झाली आणि केरळमधील कोल्लमचे धर्मप्रांत आपला वारसा तेथपर्यंत नेते.

ओडोरिक यांचा ग्रंथ मात्र टिकून राहिला. त्याची हस्तलिखिते युरोपभर पसरली, १३५१ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले आणि सर जॉन मँडेव्हिल यांच्या नावाने गाजलेल्या प्रवासग्रंथाने त्यातील मजकूर सढळ हाताने उचलला. गंमत अशी की, उसनवारी करणारा ग्रंथ अधिक वाचला गेला आणि मूळ प्रवासी मागे पडला. एकोणिसाव्या शतकात हेन्री यूल यांनी इंग्रजी अनुवाद करून ओडोरिक यांना त्यांचे श्रेय परत मिळवून दिले.

ठाण्याच्या खाडीवर आज पूल आहेत आणि सोपाऱ्याचे बंदर कधीच गाळाने भरून गेले आहे. सातशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून एक दूरदेशीचा भिक्षू चार बांधवांच्या अस्थी बरोबर घेऊन, त्यांना जेथे जायचे होते तेथे त्या पोहोचवण्यासाठी निघाला होता.