अंध यंत्रविशारद राल्फ टीटर

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात हॅगर्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी १७ ऑगस्ट १८९० रोजी राल्फ टीटर याचा जन्म झाला. टीटर कुळातील मंडळींना यंत्रांची मोठी आवड होती. राल्फचे चुलते चार्ल्स यांनी रेल्वेच्या रुळांवरून चालवता येईल अशी चार चाकांची सायकल तयार केली होती. आपल्याकडे रेल्वेचे कामगार रुळांवरून ट्रॉली ढकलत नेतात, तिचीच ही पायाने चालवायची बहीण म्हणावी. रुळांची तपासणी करणाऱ्यांना ती फार सोयीची वाटू लागली, तेव्हा १८९५ साली चुलत्यांनी तिचा कारखाना काढला. लोखंड कापण्याचे, घासण्याचे आणि ठोकण्याचे आवाज राल्फच्या कानी असे लहानपणापासूनच पडत होते.

राल्फ पाच वर्षांचा असताना एक घोर प्रसंग ओढवला. घट्ट बसलेला एक खण तो सुरीच्या टोकाने उघडू पाहत होता. जोर लावताच सुरी निसटली आणि तिचे पाते त्याच्या एका डोळ्यात शिरले. तो डोळा तर गेलाच. परंतु दुर्दैव तेवढ्यावर थांबले नाही. एका डोळ्याला खोल जखम झाली की क्वचित दुसऱ्या निरोगी डोळ्यालाही दाह होऊ लागतो. त्या काळी या विकारावर खात्रीचा उपाय नव्हता. वर्षभराच्या आतबाहेर राल्फची दृष्टी पूर्णपणे गेली.

अशा वेळी आईबाप मुलाला जपण्याच्या भरात घरी बसवून ठेवतात. राल्फचे वडील जॉन आणि आई कॅथरिन यांनी तसे केले नाही. त्यांनी मुलाच्या अंधत्वाची चर्चा घरात करायचीच नाही असे ठरवले. इतर मुले जे करतात ते राल्फने करावे, पडला तर उठावे, चुकला तर पुन्हा करून पाहावे, अशी त्यांची रीत होती. ही रीत सोपी नव्हती. ज्या हत्याराने घात केला तशीच हत्यारे त्या मुलाच्या हाती पुन्हा द्यायची, म्हणजे त्या मातापित्यांना आपले मन किती घट्ट करावे लागले असेल!

राल्फ कारखान्यात वावरू लागला. कोणती वस्तू कोठे आहे हे त्याच्या ध्यानी पक्के बसे. यंत्राचा एखादा भाग हाती आला की तो त्यावरून बोटे फिरवी आणि त्याची सगळी आकृती मनात उभी करी. १९०२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने आपल्या चुलतभावाच्या साहाय्याने चक्क एक मोटारगाडी तयार केली. तिचे इंजिन एका सिलिंडरचे होते आणि ती ताशी सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, वेगाने धावे. त्या काळी मोठ्या शहरांतही मोटार हे नवल होते, मग खेड्यातल्या पोरांनी केलेल्या मोटारीचे कौतुक किती झाले असेल! वर्तमानपत्रातही या मोटारीची हकीकत छापून आली. मात्र तिचा एक कर्ता अंध आहे, याचा त्या मजकुरात उल्लेख नव्हता.

शाळा संपली आणि खरी अडचण पुढे उभी राहिली. राल्फला यंत्रशास्त्राचा अभ्यास करायचा होता. या अभ्यासात आकृत्या काढाव्या लागतात, मोजमापे घ्यावी लागतात, प्रयोगशाळेत तापलेल्या आणि फिरणाऱ्या यंत्रांजवळ उभे राहावे लागते. अंध विद्यार्थ्याला तेथे कसे घ्यावे, असा प्रश्न विद्यापीठांना पडला आणि त्याला नकार मिळू लागले. राल्फच्या नात्यातील एक बहीण, नेव्हा डियरडॉर्फ, त्या वेळी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेत होती. तिने तेथे त्याच्यासाठी खटपट केली आणि अखेर त्याला प्रवेश मिळाला. पुस्तके दुसऱ्याने वाचून दाखवावीत, राल्फने ती ऐकून लक्षात ठेवावीत आणि लांबलचक गणिते मनातल्या मनात सोडवावीत, असा त्याचा अभ्यास चाले. १९१२ साली तो यंत्रशास्त्राचा पदवीधर होऊन बाहेर पडला. पुढे १९३० साली त्याच विद्यापीठाची त्यावरची पदवीही त्याने मिळवली.

पदवी घेऊन टीटर हॅगर्सटाउनला परतले आणि घरच्या कारखान्यात काम करू लागले. एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१७ साली अमेरिका त्यात उतरली. अमेरिकेच्या आरमारासाठी विनाशिका बांधल्या जात होत्या. या जहाजांना वाफेच्या टर्बाइनने गती मिळते. टर्बाइनचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, हा मोठा जड असतो आणि तो अत्यंत वेगाने फिरतो. त्याचे वजन आसाभोवती सर्व बाजूंनी सारखे नसले तर तो थरथरू लागतो. आर तिरकी बसलेला भोवरा कसा लडबडतो, हे मुलांना ठाऊकच असते. भोवरा लडबडला तर फार तर डाव जातो. परंतु जहाजातला रोटर थरथरला तर त्याचे आधार झिजतात, यंत्र मोडते आणि जहाज भर समुद्रात अडते. असे रोटर समतोल करण्याचे काम न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथील जहाजांच्या कारखान्यात अडून बसले होते.

टीटर तेथे गेले. यंत्र किंचितही थरथरले तरी त्यांच्या बोटांना ते कळे. फिरत्या यंत्राचा कोणता भाग जड आणि कोणता हलका, हे डोळसांना जेथे उमगत नव्हते तेथे टीटर यांच्या स्पर्शाला त्याचा अंदाज येई. अर्थात केवळ बोटांवर विसंबून हे काम झाले नाही. स्पर्शाने जे जाणवले त्याला त्यांनी गणिताची जोड दिली आणि रोटर फिरत असतानाच त्याचा तोल साधण्याची पद्धत बसवून दिली. देशाच्या युद्धकार्यात त्यांनी बजावलेली ही कामगिरी त्यांच्या पुढच्या शोधाइतकी प्रसिद्ध झाली नाही. पण यंत्रज्ञ म्हणून त्यांची योग्यता पाहायची तर ती येथेच दिसते.

पुढे टीटर घराण्याचा कारखाना पिस्टनच्या रिंगा बनवू लागला. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये फट राहू नये म्हणून या लोखंडी कड्या बसवतात. पर्फेक्ट सर्कल या नावाने त्या सर्वत्र खपू लागल्या. १९२२ साली टीटर यांचा विवाह नेली व्हॅन अँटवर्प यांच्याशी झाला आणि त्यांना मार्जोरी नावाची एक कन्या झाली. १९३६ साली मोटारी बनवणाऱ्या यंत्रज्ञांच्या अमेरिकेतील संस्थेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. १९४६ ते १९५७ या काळात ते पर्फेक्ट सर्कलचेही अध्यक्ष होते.

ज्या शोधामुळे टीटर यांचे नाव आज घेतले जाते, त्याचा उगम एका वकिलाच्या सवयीत आहे. हॅरी लिंडसे हे टीटर यांचे वकील. त्यांच्या मोटारीतून जाण्याचा प्रसंग टीटर यांना वारंवार येई. लिंडसे बोलू लागले की त्यांचा पाय सैल पडे आणि गाडी मंदावे. ते ऐकू लागले की पाय पुन्हा दाबला जाई आणि गाडी एकदम पुढे झेप घेई. गप्पांच्या नादात कासरा कधी ढिला सोडणारे आणि कधी ओढणारे गाडीवान आपल्याकडेही असतातच. डोळस माणूस बाहेर पाहत असतो, त्यामुळे त्याला या हिसक्यांचे फारसे काही वाटत नाही. टीटर यांना मात्र प्रत्येक हिसका जाणवे. मोटारीचा वेग चालकाच्या पायाच्या लहरीवर का अवलंबून असावा, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

त्यातच दुसरे महायुद्ध आले. रबराचे मळे असलेला आग्नेय आशियातील मुलूख जपानने व्यापला, तेव्हा टायर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी १९४२ साली अमेरिकेत मोटारींना ताशी ३५ मैलांची मर्यादा घालण्यात आली. आता वेग एकसारखा राखणे ही साऱ्या देशाचीच गरज झाली. टीटर यांनी आपल्या कल्पनेवर काम सुरू केले. १९४८ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २२ ऑगस्ट १९५० रोजी त्यांना ते मिळाले.

हे यंत्र चाले कसे? जत्रेत चक्रीपाळणा फिरू लागला की साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. पाळणा जितका जोरात, तितक्या त्या अधिक दूर जातात. टीटर यांच्या यंत्रातही अशीच फिरती वजने होती. मोटारीच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याबरोबर ती फिरत. चालकासमोरच्या फळीवर एक खुंटी असे आणि ती फिरवून हवा तो वेग ठरवता येई. गाडीने तो वेग गाठला की वजने बाहेर सरकत, स्प्रिंगचा ताण मोडून काढत आणि निर्वाताच्या जोरावर चालणारा एक दट्ट्या हलवत. हा दट्ट्या ॲक्सिलरेटरला उलट रेटा देई. अमुक वेग झाला, आता पुरे, हे चालकाच्या पायाला असे आपोआप कळे. पाय अधिक जोराने दाबला तर रेट्यावर मात करता येत असे. म्हणजे शेवटचा अधिकार माणसाचाच राही. ज्यांनी यंत्र वापरून पाहिले त्यांना आणखी एक सोय हवीशी वाटू लागली. ठरवलेला वेग यंत्रानेच धरून ठेवावा आणि पायाला विश्रांती मिळावी, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा टीटर यांनी वेग धरून ठेवणारी योजना तयार केली. पण ब्रेकला पाय लागताच ती सुटलीच पाहिजे, अशी व्यवस्थाही तिच्यात केली.

या यंत्राची अनेक बारशी झाली. कंट्रोलमॅटिक, टचोमॅटिक, प्रेसोमॅटिक अशी नावे मागे पडून अखेर स्पीडोस्टॅट हे नाव ठरले. पण नाव ठरले म्हणून यंत्र खपले असे नाही. पेटंट मिळाल्यानंतर ते मोटारींत बसायला कित्येक वर्षे लोटली. क्रायस्लर कंपनीने ते प्रथम १९५८ सालच्या आपल्या महागड्या मोटारींत दिले. पाठोपाठ कॅडिलॅक मोटारींत ते आले आणि तेथे त्याला क्रूझ कंट्रोल हे नाव मिळाले. हेच नाव पुढे जगभर रूढ झाले. १९७३ साली तेलाची टंचाई आली तेव्हा पेट्रोल वाचवणाऱ्या या यंत्राकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. स्वतः टीटर यांनी मात्र आपल्या यंत्राने सजलेली मोटार रस्त्यावर कधी चालवली नाही. ते शेजारी बसून तिची चाल कानांनी आणि अंगाने पारखत.

टीटर यांच्या यंत्रालाही डोळे नव्हते. ठरलेला वेग राखायचा, एवढेच त्याला ठाऊक. समोर बैलगाडी आहे की ट्रक, याची त्याला वार्ता नसे. त्यामुळे मोकळ्या, सरळ रस्त्यावर ते उपयोगी पडे आणि गर्दीत, घाटात किंवा निसरड्या रस्त्यावर चालकाला ते बंदच ठेवावे लागे. ही उणीव टीटर यांच्या मागून भरून निघाली. १९९५ साली जपानमध्ये मित्सुबिशीने आपल्या डायमांटे या मोटारीत लेझर किरणांनी पुढील गाडीचे अंतर मोजून वेग कमी करणारी योजना आणली, आणि १९९९ साली जर्मनीच्या मर्सिडीझ कंपनीने त्यासाठी रडार वापरले. आता यंत्र पुढच्या गाडीशी अंतर राखते. हे अंतर सेकंदांत ठरते. ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. तेव्हा दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ५० मीटर. पुढची गाडी मंदावली की आपली मंदावते, ती दूर गेली की ठरलेला वेग पुन्हा घेते. तरीही रस्त्यात थांबून राहिलेले वाहन अशा यंत्राला ओळखता येईलच असे नाही. मुसळधार पावसात त्याची नजर मंदावते आणि कोणी अचानक आडवे घुसले तर त्याची तारांबळ उडते. म्हणून चालकाचे हात चाकावर, पाय ब्रेकजवळ आणि लक्ष रस्त्यावर असावेच लागते.

टीटर यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे होती. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, हॅगर्सटाउन येथेच त्यांचे निधन झाले. मोटारींच्या इतिहासात नाव गाजवणाऱ्यांच्या मालिकेत १९८८ साली त्यांचा समावेश करण्यात आला आणि राष्ट्राच्या संशोधकांच्या मालिकेत २०२४ साली. त्यांच्या गावापासून जवळच रिचमंड येथे अर्लहॅम नावाचे महाविद्यालय आहे. तेथील संग्रहालयात एक तारांगण आहे. शाळांतील मुले तेथे येतात, अंधारात माना वर करून घुमटावरचे तारे पाहतात. त्या तारांगणाला राल्फ टीटर यांचे नाव दिलेले आहे.