बाबासाहेब आंबेडकर यांचे परदेशातील उच्चशिक्षण

भीमराव रामजी आंबेडकर (जन्म : १४ एप्रिल १८९१, महू, मृत्यू : ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९१३ ते १९२३ या काळात अमेरिका आणि इंग्लंड येथे त्यांनी अर्थशास्त्रात संशोधन केले. या शिक्षणाचा पहिला टप्पा बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आणि दुसरा मुख्यतः स्वतःच्या बचतीवर व कर्जावर पार पडला.

पार्श्वभूमी

आंबेडकरांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. महार जातीत जन्मल्यामुळे भीमरावांना शाळेत अस्पृश्यतेचे चटके सोसावे लागले. १९०७ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणाचा खर्च कुटुंबाला झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांची सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्याशी भेट घडवून आणली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिच्या आधारे आंबेडकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन बी.ए.ची पदवी मिळवली. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. परंतु फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले आणि त्यांना मुंबईला परतावे लागले.

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती

अमेरिकेत उच्चशिक्षण घेण्यासाठी सयाजीरावांनी आंबेडकरांची निवड केली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी संस्थानशी करार केला. त्यानुसार तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करणे बंधनकारक होते.

कोलंबिया विद्यापीठ

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यू यॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. त्याला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांच्या अभ्यासाची जोड त्यांनी दिली. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई या अध्यापकांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. पदवी मिळाली. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध त्यांनी पूर्ण केला.

लंडन आणि शिष्यवृत्तीची समाप्ती

१९१६ मध्ये आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीला मिळालेली वाढीव मुदत १९१७ मध्ये संपली आणि संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. अभ्यास पुढे चालू करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत विद्यापीठाने दिली होती. पहिल्या महायुद्धाच्या धुमाळीत त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले.

बडोद्यातील नोकरी

करारानुसार आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. संस्थानने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला होता, पण त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर त्यांनी पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला. कचेरीतही सहकारी आणि शिपाई त्यांचा विटाळ मानत. खरी ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना विश्रामगृह सोडण्यास भाग पाडले. शहरात अन्यत्र आसरा न मिळाल्याने ते मुंबईला परतले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अशा रीतीने काही दिवसांतच निष्फळ ठरला. परदेशी पदवीने विद्वत्ता सिद्ध झाली, तरी जातीची बंधने सुटत नाहीत, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

लंडनला पुनरागमन

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकलेली रक्कम, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अल्प आहारावर दिवस काढत ते ग्रंथालयांमध्ये अभ्यास करीत. १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या सूचनांनुसार त्यांना पुन्हा लिहावा लागला. पैसे संपत आल्याने एप्रिल १९२३ मध्ये ते भारतात परतले आणि दुरुस्ती त्यांनी येथूनच पूर्ण केली. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. पदवी दिली आणि प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाविषयी नेमलेल्या शाही आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली.

कोलंबिया विद्यापीठाच्या नियमानुसार पीएच.डी.साठी मुद्रित प्रबंधाच्या प्रती सादर करणे आवश्यक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला आणि १९२७ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली. ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. बडोद्यातील कटू अनुभवानंतरही आंबेडकरांनी हा ग्रंथ सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

इतर विद्यार्थ्यांसाठी प्रयत्न

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी निवेदन सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी आणि परदेशी विद्यापीठांतील शिक्षणासाठी सरकारी अनुदानाची मागणी होती. एका संस्थानिकाच्या औदार्यावर आपल्याला मिळालेली संधी पुढील पिढीला हक्क म्हणून मिळावी, अशी या मागणीची दिशा होती. परिणामी सरकारने शिष्यवृत्त्यांसाठी निधी दिला आणि काही विद्यार्थी इंग्लंडला शिकायला गेले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ मध्ये सुरू झाली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली.

वारसा

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली. आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या योजनांमधून वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासासाठी अर्थसाहाय्य दिले जाते.