डफ एब्रम्स: काँक्रीटमधलं पाणी मोजायला शिकवणारा माणूस

चाकण एमआयडीसीत दिवसभर जड ट्रेलर फिरतात, कंपन्यांच्या आवारात ऑइल, कूलंट, कधी ॲसिडही सांडतं. मी राजगुरुनगरचा, साइट इंजिनिअर. असे रस्ते ओतून घेणं हे माझं रोजचं काम. सिमेंट तेच, खडी तीच, तरी एक पट्टा वर्षानुवर्षं टिकतो आणि शेजारचा दोन-तीन पावसाळ्यांत भुगा सोडतो. असं का? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी डफ एब्रम्स यांनी दिलं होतं.

एब्रम्स यांचा जन्म १८८० साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाला. तिथल्याच विद्यापीठात ते शिकले. पुढे शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये काँक्रीटच्या प्रयोगशाळेची सूत्रं त्यांच्याकडे आली. तेव्हा सिमेंट, वाळू, खडी ठरलेल्या मापाने घ्यायची आणि पाणी अंदाजाने ओतायचं, अशी पद्धत होती. एब्रम्स यांनी सुमारे ५०,००० चाचण्या केल्या आणि १९१८ मध्ये निष्कर्ष मांडला: नीट दाबलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. फ्रान्सच्या फेरे यांनी आधी याच दिशेने काम केलं होतं, पण साइटवर वापरता येईल असा नियम एब्रम्स यांनी दिला. वाळूचा फाइननेस मॉड्युलसही त्यांचाच. १९३० मध्ये ते अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता हा नियम आपल्या कामाला लावून बघू. सिमेंटला लागतं त्याहून जास्त पाणी पडलं, की ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. ऑइल, सल्फेट, ॲसिड याच वाटेने आत शिरतात. म्हणून आयएस ४५६ मध्ये तीव्र परिस्थितीतल्या आरसीसीसाठी गुणोत्तराची मर्यादा ०.४५ आहे.

समजा, एका घनमीटरमध्ये ४०० किलो सिमेंट आणि १६८ लिटर पाणी आहे. गुणोत्तर ०.४२. माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्रीने २० लिटर वाढवलं, तर ते ०.४७ होतं. मर्यादा तिथेच ओलांडली.

गंमत म्हणजे स्लंपचा शंकू एब्रम्स यांच्याच नावाने ओळखला जातो, पण तो फक्त माल किती पातळ आहे ते सांगतो. पातळपणा पाण्याने आला की ॲडमिक्श्चरने, हे त्याला कळत नाही. त्यामुळे स्लंप बरोबर आला तरी बॅच स्लिपवरचं पाणी बघाच. गाडी आल्यावर माल घट्ट वाटला, तर पाइप लावू देऊ नका, प्लांटच्या क्यूसी माणसाला ॲडमिक्श्चरचा डोस विचारा.

जिथे ॲसिड सतत सांडतं, तिथे मात्र नुसतं कमी पाणी पुरत नाही. सिमेंट ॲसिडमध्ये विरघळतंच. तिथे वरून इपॉक्सीसारखा थर द्यावाच लागतो.