मुलांच्या हाती खेळ सोपविणारे कुबर्टिन

ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन करणारे गृहस्थ म्हणून बॅरन पिअर द कुबर्टिन यांचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. परंतु जगातील राष्ट्रांस एका मैदानावर आणण्यापूर्वी स्वदेशातील शाळकरी मुलांस मैदानावर आणण्याकरिता त्यांनी केवढी खटपट केली, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या चरित्राचा हाच भाग विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस अधिक जवळचा वाटेल, म्हणून तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कुबर्टिन यांचा जन्म १ जानेवारी १८६३ रोजी पॅरिस येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील चित्रकार होते. मूल सात वर्षांचे झाले न झाले तोच १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांमध्ये युद्ध जुंपले आणि फ्रान्सचा दारुण पराभव झाला. पराभूत देशात वाढणाऱ्या मुलांच्या मनावर त्या गोष्टीचे सावट असावे, हे साहजिकच होते. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत कुबर्टिन यांचे शिक्षण झाले. सैन्यात शिरावे किंवा कायद्याचा अभ्यास करावा, हे त्या काळच्या कुलीन तरुणांचे ठरलेले मार्ग होते. त्या दोहोंकडे पाठ फिरवून त्यांनी आपले आयुष्य शिक्षणाच्या सुधारणेस वाहून घेतले.

त्या वेळच्या फ्रेंच सरकारी शाळांची स्थिती मोठी शोचनीय होती. वसतिगृहातील मुले दिवसाचे अनेक तास बाकांवर जखडलेली असत, आणि उंच भिंतींच्या आत नगाऱ्याच्या ठोक्यावर त्यांचा दिवस चाले. १८८७ साली तेथील वैद्यक परिषदेत अभ्यासाच्या अतिभारावर मोठा वादविवाद झाला. युद्धातील अपयश धुऊन काढावे म्हणून १८८२ पासून शाळांतून मुलांच्या पलटणीही उभारण्यात आल्या होत्या. परंतु बंदुकीची कवायत म्हणजे हुकूम ऐकण्याचेच शिक्षण. स्वतः विचार करून चार सोबत्यांस बरोबर घेऊन चालण्याचे शिक्षण त्यात कोठून मिळणार?

१८८३ पासून कुबर्टिन यांनी इंग्लंडच्या वाऱ्या केल्या आणि तेथील विद्यालये पाहिली. रग्बी येथील विद्यालयाने त्यांचे मन विशेष वेधून घेतले. तेथे १८२८ ते १८४२ पर्यंत मुख्याध्यापक असलेले डॉ. टॉमस आर्नल्ड हे त्यांचे गुरूच बनले, जरी आर्नल्ड १८४२ सालीच दिवंगत झाले होते. आर्नल्ड यांनी वरच्या वर्गांतील मुलांवर विश्वास टाकून शाळेच्या शिस्तीचा भार त्यांच्यावर सोपविला होता. पुढे १८४५ साली त्या शाळेच्या खेळाचे नियम प्रथम कागदावर उतरले, तेही विद्यार्थ्यांच्याच हातून. खुद्द आर्नल्ड यांस खेळांची फारशी आवड नव्हती आणि कुबर्टिन यांनी आपलीच कल्पना त्यांच्यावर लादली, असे इतिहासकार म्हणतात. ते खरे मानले तरी, विश्वास टाकल्यावाचून मुलांत जबाबदारी येत नाही, हा जो धडा त्यांनी तेथून घेतला तो काही खोटा नव्हता.

ज्यांनी रग्बीचा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द सांगतो. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू लंबगोल असून तो हाती घेऊन धावता येते. मात्र तो हाताने पुढे फेकण्याची मुभा नाही. सोबत्याकडे द्यावयाचा तर मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्षाने धरून खाली पाडावे, यात आमच्या हुतूतूच्या गड्यांस ओळखीचे काही दिसेल. एकट्याच्या बळावर हा खेळ जिंकता येत नाही. जो पुढे जातो त्याने मागच्यावर भरवसा ठेवावयाचा, हेच त्याचे मर्म होय.

पॅरिसमधील मुलांस मैदानाची भूक नव्हती असे मात्र नाही. १८८२ साली काही शाळकरी मुलांनी सें-लाझार रेल्वे स्टेशनच्या दालनात धावण्याच्या शर्यती लावून रेसिंग क्लब स्थापिला, आणि पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी स्ताद फ्रांसे हा क्लब काढला. उणीव होती ती मोठ्यांच्या पाठबळाची. १८८८ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, कुबर्टिन यांनी शालेय शिक्षणात व्यायामाचा प्रसार करणारी एक समिती उभारली आणि माजी पंतप्रधान झ्यूल सिमों यांस तिचे अध्यक्ष केले. स्वतःकडे त्यांनी चिटणीसाचे, म्हणजे राबण्याचे, काम घेतले. मैदान मिळविणे, मुख्याध्यापकांची मने वळविणे, शाळाशाळांचे सामने जुळविणे, हाच त्यांचा उद्योग झाला. प्रत्येक शाळेत मुलांनी आपला संघ आपणच स्थापावा, अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार आपल्यातूनच निवडावेत, असा त्यांचा आग्रह असे.

विरोधही काही थोडा झाला नाही. कोणी म्हणत, हा परक्यांचा खेळ, आपले देशी खेळ काय वाईट? कोणास तो रानटी वाटे. परंतु सर्वांत अवघड भिंत निराळीच होती. सरकारी शाळा व धर्मसंस्थांच्या शाळा यांच्यात त्या काळी उभा दावा असे, आणि एकीची मुले दुसरीच्या मुलांशी खेळत नसत. १८९१ च्या आरंभी कुबर्टिन आर्केल येथे फादर दिदों या डोमिनिकन पाद्र्यांस भेटावयास गेले व आपली मुले या सामन्यांत पाठविण्याची त्यांनी विनंती केली. दिदों यांनी ती आनंदाने मान्य केली. अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान, या अर्थाचे जे तीन लॅटिन शब्द पुढे ऑलिंपिकचे ब्रीद झाले, ते याच पाद्र्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस दिलेले होते.

२० मार्च १८९२ रोजी पॅरिसच्या बागातेल मैदानावर फ्रान्समधील रग्बीचा पहिला अजिंक्यपदाचा सामना झाला. मुलांनी स्थापिलेले तेच दोन क्लब समोरासमोर उभे होते आणि पंच होते स्वतः कुबर्टिन! रेसिंग क्लबने ४ विरुद्ध ३ गुणांनी विजय मिळविला. त्या दिवशी दिलेल्या ढालीकरिता फ्रान्समधील क्लब आजही झुंजतात.

त्यानंतरची कथा सर्वश्रुत आहे. १८९४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्थापन झाली, १८९६ मध्ये अथेन्स येथे सामने भरले आणि १९२५ पर्यंत कुबर्टिन समितीचे अध्यक्ष राहिले. या कार्यात त्यांची वडिलार्जित संपत्ती सरली. २ सप्टेंबर १९३७ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

थोर पुरुषाचे दोष झाकणे हा काही त्याचा सन्मान नव्हे. मुलांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या या गृहस्थाने मुलींस मात्र सामन्यांच्या मैदानाबाहेर ठेवावे असेच अखेरपर्यंत मानले. काळाने त्यांचे म्हणणे नाकारले. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये सात-सात गड्यांचे रग्बी आले, तेव्हा पुरुष व स्त्रिया या दोहोंचे संघ त्यात उतरले.

आज फ्रान्समध्ये गावोगावच्या रग्बी क्लबांत लहान मुलामुलींकरिता रग्बीच्या शाळा चालतात. तेथे संध्याकाळी चेंडू घेऊन धावणाऱ्या पोरांस कुबर्टिन यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही, आणि नसले म्हणून बिघडत नाही. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, आपला मुलगा किंवा मुलगी संघाची वर्गणी गोळा करू लागली, सामना ठरवू लागली, भांडण मिटवू लागली, तर तो वेळ अभ्यासातून वजा झाला असे समजू नये. आणि विद्यार्थिमित्रहो, मैदान मोठ्यांनी मिळवून द्यावे हे खरे, परंतु त्यावरील रेघा तुम्हीच आखावयाच्या आहेत व त्या पाळावयाच्याही तुम्हीच आहेत.