मार्कशीट न मागणारा कारखानदार

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या.

गेल्या सेमिस्टरला आपल्या कॉलेजात एक कंपनी आली होती. दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग, तिन्हीकडे 60 टक्के पाहिजेत असा क्रायटेरिया. मला बारावीला 58. बस्स, विषय संपला. टेस्टला बसताच आलं नाही, तर इंटरव्ह्यू कुठला? होस्टेलवर त्या रात्री आम्ही सगळ्या 'क्रायटेरियात न बसणाऱ्या' मॅगी खात बसलो होतो आणि कंपनीला भरपूर नावं ठेवली.

मग सुट्टीत गावी गेले. माझं गाव हिमायतनगर. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. आमच्या शेतातल्या विहिरीवर एक जुनं बंद पडलेलं डिझेल इंजिन आहे. आजोबा त्याला इंजिन म्हणतच नाहीत, 'किर्लोस्कर' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, किर्लोस्कर म्हणजे पाणी उपसायच्या मशीनचंच नाव. आजोबांनी सांगितलं की बाई, ते आडनाव आहे, आणि तो माणूसही कुठं धड पास होऊन मोठा झालेला नाही. तिथून मी लक्ष्मणरावांबद्दल वाचायला लागले, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूवर लिहायला घेतलेला लेख भलतीकडेच गेला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत त्यांचं मन रमलं नाही. चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची, हे दोनच नाद. 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळत नसतील तर काय करायचं? आजच्या भाषेत सांगायचं तर मेडिकलमध्ये अनफिट.

पण चित्रकला सुटली तरी हात रेषेवर बसलेला होता. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकून घेतलं, तिथे रंग लागत नाहीत. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांशी त्यांची दोस्ती झाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. काम येत होतं की नाही हा प्रश्नच नव्हता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. हे वाचताना मला आपल्या नोटीस बोर्डाची आठवण झाली, खोटं कशाला सांगू.

नोकरी चालू असतानाच, 1888 पासून, त्यांचा आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांचा बेळगावात सायकलींचा धंदा होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे. एका सायकलची किंमत तेव्हा 700 ते 1000 रुपये! आणि चालवायला शिकवायचे 15 रुपये वेगळे. म्हणजे माणसाला शिकवणं हासुद्धा धंद्याचाच भाग आहे, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले की लोखंडाने जमीन नासते. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. थोडं बस्तान बसतंय तोवर बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. त्या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आधी औंधला यमाई देवीच्या मंदिराच्या मंडपाचं काम दिलं. नंतर कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जागा आणि 10,000 रुपये कर्जही दिलं. जागा म्हणजे काय, तर निवडुंग, साप आणि दगड. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

खरी गंमत इथून पुढे आहे. परदेशी मासिकांत लक्ष्मणरावांनी कॅडबरी, लिव्हर यांच्या कामगारांच्या वसाहतींबद्दल वाचलं होतं. तसं काहीतरी आपण करायचं हे त्यांचं स्वप्न. पण त्या माळावर कामाला येणार कोण? सोबत होते सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं. ही टीम आजच्या एखाद्या एच.आर. मॅडमनी बघितली असती तर फाईलच बंद केली असती. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. ते पुढे पडेल ते काम सांभाळणारे मॅनेजर झाले. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्धवट सुटलेली. ते नवनव्या कल्पना लढवणारे इंजिनिअर झाले, आणि तेही डिग्रीशिवाय. शंभोराव जांभेकर इंजिनिअर, ओतशाळेचे जाणकार, आणि वर वाडीतल्या लोकांना औषध देणारे डॉक्टरही तेच. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार बघायचे. रामूअण्णांनी वसाहत आखली आणि तिचा कारभार पाहिला. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले दोघे. कारखान्याची राखण त्यांच्यावर सोपवली आणि त्यांनी ती इमानाने केली. ज्या काळात त्यांना गावात कुणी दारात उभं केलं नसतं, त्या काळात ही गोष्ट झाली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा नियमच होता.

मी आधी हे सगळं वाचून भारावून गेले. मग रूम पार्टनरने एक शंका काढली. ती म्हणाली, तुझ्या लक्ष्मणरावांना दुसरं कोण मिळणार होतं? साप असलेल्या माळावर फर्स्ट क्लासवाले कशाला येतील? मुद्दा बरोबर आहे. थोडा मोठेपणा होता आणि थोडी गरजही होती. शिवाय 25 माणसं असतील तर मालक प्रत्येकाचा हात रोज बघू शकतो. आपल्या कॉलेजात एका दिवसात 400 पोरं रांगेत उभी असतात, तेव्हा कंपनीवाले चाळणी लावणारच. पण नापास म्हणून बाहेर ठेवलं नाही इतकंच लक्ष्मणरावांनी केलं असं नाही. आत घेतल्यावर त्यांनी शिकवलंसुद्धा, आणि मला वाटतं अवघड भाग तोच आहे.

ज्यांनी वर्कशॉपमध्ये फाउंड्रीचं जॉब केलंय त्यांना हे लगेच कळेल. साच्याची वाळू किती ओली असावी हे पुस्तकात टक्क्यांत दिलेलं असतं, पण मिस्त्री मूठ आवळून, ढेकूळ मोडून सांगतो. जास्त ओली राहिली तर ओतिवात वाफेची भोकं पडतात, कोरडी राहिली तर साचा ढासळतो. हे शिकायला काही जॉब वाया घालवावेच लागतात, आणि त्या वाया गेलेल्या लोखंडाचा खर्च मालकाला सोसावा लागतो. नांगरापासून सुरुवात करून आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांकडून ओतकाम, लेथचं काम करून घेणं म्हणजे हा खर्च वर्षानुवर्षं सोसणं. स्वतंत्र भारतात अॅप्रेंटिस कायदा 1961 मध्ये आला. इथे कायदा नसताना हे चाललं होतं.

आणि लक्ष्मणराव डिग्रीच्या विरोधात होते असं मात्र समजू नका. स्वतःच्या मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी थेट अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. 1926 मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले आणि वाडीतच कामाला लागले. मला हे आधी जरा खटकलं. नापास माणसांवर विश्वास, आणि घरच्यासाठी एमआयटी? नंतर वाटलं, ज्याला स्वतःला धड शिकता आलं नाही त्यालाच शिक्षणाची किंमत जास्त कळत असेल. तरी मोठ्या जागांवर घरचीच माणसं जास्त होती, हेही खरं आहे.

1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आमच्या विहिरीवरचं इंजिन त्याच घराण्यातलं. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आमचं इंजिन दुरुस्त करायला गावातला जो मिस्त्री येतो, तो आठवी नापास आहे. या सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसून नोझल आणि फ्युएल पंप उघडला. थर्मलच्या पेपरात याच्यावर मला चांगले मार्क होते, पण पाना कुठल्या बाजूने लावायचा ते त्याने दाखवलं. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं, काळा धूर सोडत.

पुढच्या महिन्यात अजून एक कंपनी येतेय म्हणे. क्रायटेरिया अजून लागलेला नाही.