रुपया, पौंड आणि डॉ. आंबेडकरांचे लंडनमधील बिऱ्हाड

शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे जयगडचे बंदर आहे. मुंबईहून निघालेली आगबोट एके काळी कोकणच्या किनाऱ्याने बंदरे घेत येथवर येत असे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांची आणि परदेशी जहाजांवर गेलेल्या खलाशांची कमाई या किनाऱ्यावर येई आणि तिच्यातूनच घरांवर कौले चढत. बाहेर मिळवावे आणि घरी पाठवावे, ही रत्नागिरी जिल्ह्याची जुनी रीत. याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या वाट्याला मात्र नेमका उलटा व्यवहार आला. मुंबईत रुपयांत मिळवलेला पैसा त्यांना लंडनमध्ये पौंडांत खर्च करावा लागला. आणि तोही रुपयाचा भाव कोसळत असताना.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण दापोली, सातारा आणि मुंबई येथे गेले. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रुपयाचा भाव त्या काळी १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर होता. २० शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे १५ रुपयांना एक पौंड पडे. शिष्यवृत्तीच पौंडांत ठरलेली असल्याने विनिमयाची चिंता विद्यार्थ्याला नव्हती. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहायला घर मिळेना. हिंदूंच्या खाणावळी त्यांना बंद होत्या. एका पारशी सरायीत त्यांनी आसरा घेतला. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. पदरी पैसा होता, पद होते. पण चार भिंती विकत किंवा भाड्याने मिळत नव्हत्या. घर ही केवळ पैशाने मिळणारी वस्तू नाही, हा धडा त्यांना असा मिळाला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे, हा एकच ध्यास असल्याने संसार काटकसरीचा होता आणि तो रमाबाईंनी निभावला. १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते पुन्हा लंडनला गेले. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढीच त्यांची पुंजी होती.

तो काळ रुपयाच्या इतिहासातील विलक्षण उलथापालथीचा होता. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि चांदीच्या रुपयाचा भाव चढत गेला. १९२० च्या फेब्रुवारीत तो पावणेतीन शिलिंगांच्याही वर पोहोचला. सरकारने २ शिलिंगांचा दर जाहीर केला आणि तो टिकवण्यासाठी लंडनवरील हुंड्या विकल्या. परंतु त्या वर्षाच्या सप्टेंबर अखेरीस हा प्रयत्न सोडून द्यावा लागला. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली घसरला. या आकड्यांचा अर्थ घरखर्चाच्या भाषेत असा, की २ शिलिंगांच्या दराने १००० रुपयांचे १०० पौंड होत. १ शिलिंग ४ पेन्सांच्या दराने त्यांचे जेमतेम ६७ पौंड उरत. लंडनचे घरभाडे, परीक्षेची फी, पुस्तकांच्या किमती यांपैकी काहीही रुपयाकडे पाहून कमी होणार नव्हते.

१९२१-२२ मध्ये प्रिमरोझ हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात आंबेडकर राहत होते. लंडनमधील त्या दिवसांत सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, रात्री बोवरिल आणि पापड, असा त्यांचा आहार असे. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. डी.एस्सी.साठी त्यांनी निवडलेला विषय होता रुपयाचा प्रश्न! १९२२ मध्ये ते काही काळ जर्मनीतील बॉन येथेही शिकायला गेले. तेथे मार्क तर रुपयाहून वेगाने कोसळत होता. प्रबंधात बदल सुचवले गेले, तोवर पैसे संपले आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. दुरुस्त प्रबंध त्यांनी भारतातून पाठवला. तो मान्य होऊन त्याच वर्षी ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या ग्रंथात भारताच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची पाठराखण केली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले, तर रुपयाची किंमत टिकणार नाही. म्हणून रुपयांच्या निर्मितीलाच मर्यादा घालावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशी विनिमयाच्या दराइतकीच, किंबहुना अधिक, चिंता त्यांना देशातील किमतींची होती. रुपया घसरला की निर्यातदाराचा लाभ होतो. पण महागाईच्या वेगाने मजुरी वाढत नाही, आणि तो लाभ मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी पुढेही मांडले. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. आयोगाने शिफारस केलेली मध्यवर्ती बँक १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रूपाने उभी राहिली.

बडोद्यात घर न मिळालेल्या या माणसाने १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. काटकसरीचा भार वाहिलेल्या रमाबाईंना तेथे फार दिवस लाभले नाहीत. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले.

लंडनमधील घराची कथा मात्र पुढे चालू राहिली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते ३० लाखांहून अधिक पौंड मोजून खरेदी केले. पौंड तेव्हा १०० रुपयांच्या आसपास होता. अशा सौद्यात पौंड एका रुपयाने महागला, तरी तिजोरीवर किमान ३० लाख रुपयांचा बोजा वाढतो. करार पौंडांत आणि कमाई रुपयांत असली, की किंमत ठरल्यानंतरही ती ठरलेली नसते. परदेशी घर घेणाऱ्या कुटुंबाचे गणितही याहून वेगळे नाही. शासनाच्या मागे निदान तिजोरी होती. १९२१ मध्ये त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यामागे मित्राचे कर्ज आणि रमाबाईंची काटकसर, एवढेच होते. स्मारकास स्थानिक परिषदेने आक्षेप घेतला. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. रुपयाच्या घसरणीची झळ ज्याने उपाशी पोटी सोसली आणि ती कोणाला सर्वाधिक बसते याचा शोध घेतला, त्याची आठवण आता त्या घराला आहे.